पद्मिनीला श्रद्धांजली नको, गॅस्केट द्या

मागच्या महिन्यात आमच्या लिफ्टमध्ये सोसायटीची नोटीस लागली. वार्षिक सर्वसाधारण सभा, रविवारी सकाळी दहा वाजता. विषय क्रमांक ७ : "आवारातील जुनी व भंगार वाहने हटविणेबाबत."

विषय क्रमांक ७ म्हणजे आमची पद्मिनी. नाव लिहिलं नव्हतं, पण लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण माझ्याकडे बघून हसत होता, म्हणजे सगळ्यांना कळलं होतं.

तर मंडळी, गाडी १९९१ ची. बाबांनी घेतलेली प्रीमियर पद्मिनी. नंबर एमएच-०४ चा, रंग मुळात क्रीम, आता कुठला ते विचारू नका. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो आणि शनिवारी सकाळी या गाडीशी झटापट करतो. मीरा रोडला राहतो, त्यामुळे हापिसला लोकलनेच जातो. गाडी महिन्याला फार तर दीडशे किलोमीटर फिरते : भाईंदरची मंडई, उत्तन, कधी घोडबंदर रोडने ठाण्याला मावशीकडे.

आता गंमत ऐका. ज्या सेक्रेटरी काकांनी ही नोटीस काढली, त्यांनीच ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हॉट्सअॅपवर स्टेटस ठेवलं होतं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्यामुळे रस्त्यावरून गेली तेव्हाचं. काळी-पिवळी टॅक्सी, मागे मरीन ड्राइव्ह, खाली "एका युगाचा अस्त" आणि तीन रडक्या स्मायली. मीसुद्धा त्यावर अंगठा दिला होता. तेव्हा आमची गाडी त्यांच्या खिडकीखालीच उभी होती, चालू स्थितीत.

हा लेख काकांच्या विरुद्ध नाही. काका चांगले आहेत, पाण्याच्या टँकरसाठी रात्री एक वाजता उठून उभे राहतात. माझं भांडण त्या स्टेटसशी आहे. जुन्या वस्तूवर प्रेम करण्याची आपण एक फार स्वस्त पद्धत शोधून काढली आहे. ती वस्तू चालू असते तोवर ती अडचण, आणि बंद पडली की वारसा. गाडीचा फोटो, गाडीचा फ्रिज मॅग्नेट, गाडीचं चित्र असलेला टी-शर्ट, सगळं चालतं. फक्त गाडी नको, कारण ती ऑइल गाळते.

ही आपली की इटलीची?

दोन्हींची. १०८९ सीसीच्या या इंजिनाचं घराणं १९३७ च्या फियाट ५०८ सी पर्यंत जातं. १९५३ मध्ये फियाटने नवी ११०० आणली, आणि वर्षभरात ती कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये जुळवली जाऊ लागली. तिच्या गोलमटोल अंगामुळे मुंबईकरांनी तिचं नाव ठेवलं डुक्कर फियाट. (यात अपमान नव्हता हं. मुंबईकर ज्याला नाव ठेवतो त्याला घरचं मानतो.) १९६४ मध्ये ११०० डिलाइट आली. इटलीने पुढे पाचेक वर्षांत ११०० बंद केली, आपण थांबलो नाही. सत्तरीच्या दशकात तिचं आधी प्रेसिडेंट झालं, मग १९७४ मध्ये पद्मिनी, आणि या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत ती कुर्ल्यात बनत राहिली.

याचं कौतुक करायचं की लाज वाटून घ्यायची, हा प्रश्न रास्त आहे. मला विचाराल तर थोडी लाजच. स्पर्धा नव्हती, परवाने सरकारच्या हातात होते आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षं रांगेत उभं होतं. अशा वेळी कंपनीने कशाला काय सुधारायचं? डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि काही वर्षांतच चित्र पालटलं. तेव्हा "त्या काळी गाड्या कशा मजबूत असायच्या" हे पालुपद माझ्याकडून मिळणार नाही. त्या काळी पर्याय नव्हता.

खोडी

पद्मिनीबरोबर राहायचं म्हणजे तिच्या खोडी पाठ कराव्या लागतात. उन्हाळ्यात दहिसर नाक्याची रांग घ्या. छोट्या गाड्यांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये गेला, पण माझ्या नशिबातली रांग काही गेली नाही. अर्धा तास फर्स्ट-न्यूट्रल-फर्स्ट केलं की गाडी आचके देते आणि बंद पडते. मागून हॉर्न. शेजारचा रिक्षावाला उपदेश करतो. बॅटरी ठीक, पेट्रोल भरपूर, तरी स्टार्टर नुसता फिरतोय.

याला व्हेपर लॉक म्हणतात. पेट्रोलचा पंप यांत्रिक, आणि तो बसवलाय इंजिनाच्याच अंगावर. इंजिन तापलं की पंप तापतो, पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला द्रव ओढता येतो, वाफ नाही. नव्या गाडीत पंप टाकीतच बुडालेला असतो आणि दाबाखाली पेट्रोल ढकलतो, म्हणून हा प्रकार जवळजवळ इतिहासजमा झाला. आमच्याकडे उपाय एकच : बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं ठेवायचं, दहा मिनिटं थांबायचं. माझ्या गाडीत लॅपटॉपच्या बॅगेपेक्षा पाण्याची बाटली आणि फडकं महत्त्वाचं.

गीअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर. सकाळी चोक किती ओढायचा ते हवामानावर. जुलैत डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत दमट हवा शिरली की ती पुसून काढावी लागते. इग्निशनच्या पॉइंटमधली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी, ती झिजली की गाडी खोकते. पत्र्याचं तर बोलायलाच नको. या गाडीला वेगळी चेसिस नाही, पत्र्याचं कवच हाच सांगाडा. आणि आमचं गाव खाडी आणि मिठागरांच्या मधोमध. खारी हवा तळातून पत्रा खाते. वरून कितीही पॉलिश मारा, खाली वाकून बघितलं नाही तर एक दिवस पाय जमिनीला लागेल.

हे सगळं रोमँटिक नाही. मे महिन्यात या गाडीत बसणं ही शिक्षा आहे आणि बायकोने केव्हाच सत्याग्रह पुकारलाय. पण एक गोष्ट खरी. या गाडीत बिघडणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट डोळ्यांनी दिसते आणि हाताने काढता येते. ती का बंद पडली हे मला समजू शकतं. माझ्या हापिसातल्या सहकाऱ्याची तीन वर्षांची गाडी एका सेन्सरपायी नऊ दिवस वर्कशॉपमध्ये पडून होती, आणि शेवटपर्यंत त्याला कोणी सांगितलं नाही की झालं काय होतं. "मॉड्यूल बदललं, सर." बिल मात्र समजलं.

वय मोजणं सोपं असतं

आता मुद्द्यावर येतो. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. आमचं २००६, २०११, २०१६, २०२१ असं होत आलं. २०२१ मध्ये याचं शुल्क होतं ६०० रुपये. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीला ते ५,००० झालं. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,००० केलं. माझी पाळी २०२६ ची. पर्यावरण कर वेगळा.

गाडी तीच, तपासणी तीच, फक्त मालकाने कंटाळून गाडी सोडावी म्हणून आकडा वाढवला. २०२१ चं मोडीत काढण्याचं धोरण कागदावर शहाणपणाचं आहे : गाडी फिटनेस चाचणीत नापास झाली की ती संपली. उत्तम! मग चाचणीच घ्या ना. कडक घ्या, यंत्रावर घ्या, ब्रेक मोजा, धूर मोजा, तळाचा पत्रा हातोडीने ठोकून बघा. त्या चाचणीला खर्च येतो तेवढा घ्या. पण चाचणी सैल आणि शुल्क कडक, हा उलटा कारभार झाला. मागच्या खेपेला एका कार्यालयात आमच्या गाडीची तपासणी झाली. साहेबांनी चेसिस नंबर बघितला, दिवे लावायला सांगितले, सही केली. खाली कोणी वाकलं नाही. त्या दिवशी तळाचा पत्रा सडका असता तरी गाडी पास होती.

वयावर बंदी घालणं प्रशासनाला सोपं जातं, कारण वय आरसी बुकात छापलेलं असतं. दिल्लीत १ जुलै २०२५ पासून दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असं ठरलं, आणि दोन-तीन दिवसांत सरकारलाच ते थांबवायला सांगावं लागलं. आठ वर्षं रोज शंभर किलोमीटर पिळलेली, कधी सर्व्हिस न केलेली डिझेल गाडी "तरुण", आणि रविवारी बाहेर पडणारी, निगा राखलेली गाडी "म्हातारी". आपल्या धंद्यात कोणी बग मोजायच्या ऐवजी फायलीची तारीख बघून कोड डिलीट करायला लागला, तर आपण त्याला काय म्हणू?

पेट्रोलची गोष्ट

"म्हणजे तुला प्रगतीच नको," असं काही मित्र म्हणतात. चूक. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठकींना शिशाचा आधार असायचा, त्यामुळे तेव्हाही जुन्या गाडीवाले धास्तावले होते. पण शिसं मुलांच्या मेंदूला विष आहे. ते गेलं हे शंभर टक्के योग्य झालं, आणि त्यासाठी माझ्या गाडीचे व्हॉल्व्ह गेले असते तरी चाललं असतं.

आता ई२० घ्या. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. आयात तेल कमी, उसाला आणि मक्याला गिऱ्हाईक, हेतू समजतो. पण इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबराला फुगवतं, मऊ करतं. माझ्या पंपाचा पडदा, पाइप, कार्बोरेटरचे वॉशर, सगळं त्यातलंच. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आमच्या खाडीकाठच्या दमट हवेत पंधरा-पंधरा दिवस उभ्या गाडीच्या टाकीत ते कुठे जाणार? शिवाय इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. नव्या गाडीचा कॉम्प्युटर ते ओळखून इंधन वाढवतो, पण कार्बोरेटरला डोळे नसतात. जेट बदलल्याशिवाय मिश्रण पातळच राहतं, आणि इंजिन जास्त तापतं.

नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय की ई० साठी बनवलेल्या आणि ई१० ला जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज ई२० वर ६ ते ७ टक्के घटेल. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं की काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबराचे भाग आणि गॅस्केट बदलावे लागतील, पण ते स्वस्त आणि सोपं काम आहे.

अगदी मान्य! स्वस्त आहे, सोपंही आहे. फक्त एवढंच सांगा की ते भाग विकत कुठे मिळतात? इथेनॉलला टिकणारं रबर अस्तित्वात आहे, त्यात काही रॉकेट सायन्स नाही. पण आमच्या पंपाच्या पडद्यासाठी मी ऑपेरा हाउसपासून कुर्ल्याच्या सीएसटी रोडपर्यंत पायपीट केली. जिथे गाडी बनली त्याच कुर्ल्यात आता तिचे अवशेष मिळतात. मिळाला तो पडदा कुठल्या रबराचा, हे दुकानदारालाही माहीत नव्हतं. प्रश्न माझ्या एका पडद्याचा नाही. देशात कार्बोरेटरवाल्या बाइक आणि स्कूटर आजही किती फिरतात बघा. भाईंदरला सकाळी सहाला मासळी आणणाऱ्याच्या दुचाकीला कोणी "हेरिटेज" म्हणणार नाही, आणि तो दुसरी घेऊही शकत नाही. इंधन बदलताना जुन्या यंत्रांचे सुटे भाग कोण बनवणार, हे ठरवणं त्याच निर्णयाचा भाग असायला हवा होता. आपण रिलीझ करतो तेव्हा मायग्रेशनची नोट लिहितो की नाही?

जे खरं आहे ते कबूल

आता माझ्याच विरुद्ध दोन मुद्दे, नाहीतर तुम्ही म्हणाल सोयीचं तेवढं लिहिलं.

एक : धूर. माझ्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही. आजची गाडी एका किलोमीटरला जेवढं विष सोडते त्याच्या कितीतरी पट माझी सोडते. म्हणून मी हापिसला लोकलने जातो. असली गाडी रोज पन्नास किलोमीटर चालवणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. टॅक्सी म्हणून दिवसभर शहरात फिरणाऱ्या पद्मिनी गेल्या हे बरंच झालं. वयाबरोबर वापराची मर्यादा घाला, वर्षाला अमुक किलोमीटर, ओडोमीटर तपासा. मी पहिला सही करीन.

दोन : सुरक्षा. एअरबॅग नाहीत, एबीएस नाही, ड्रम ब्रेक. पश्चिम द्रुतगती महामार्गावर मागून कोणी ऐंशीने ठोकलं तर फुकटचा अभिमान कामाला येणार नाही. म्हणून माझी आठ वर्षांची मुलगी या गाडीतून हायवेवर जात नाही. कितीही रडली तरी.

हे दोन्ही मुद्दे गाडी कशी वापरायची ते सांगतात. गाडी ठेवायचीच नाही, हे त्यांतून निघत नाही.

खरी संपत चाललेली गोष्ट

आमची गाडी बघणारा मिस्त्री भाईंदर पूर्वेला, स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांच्या मागे बसतो. वय सत्तरीच्या पुढे. गाडी गेटमधून आत येताना आवाजावरून सांगतो की टायमिंग हललंय. त्याच्या गॅरेजमध्ये पूर्वी एका वेळी सहा-सात फियाट असायच्या, आता माझी एक आणि बाकी रिक्षा. मुलगा मोबाइलच्या दुकानात आहे, आणि तेच बरोबर आहे, त्याने या धंद्यात का यावं? मागच्या दिवाळीत मिस्त्री म्हणाला, "मैं गाँव जाएगा तो तुम किधर जाएगा?" मला उत्तर देता आलं नाही.

एप्रिल २०२० आठवा. करोनाच्या पहिल्या लाटेत बेरोजगारीचे अर्ज इतके आले की अमेरिकेत न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना टीव्हीवर येऊन कोबोल येणारे स्वयंसेवक मागावे लागले. आपल्या हापिसात तेव्हा यावर फार विनोद झाले, की बघा, अजून कोबोल चालवतायत! पण ती भाषा चाळीस वर्षं पगार, पेन्शन, भत्ते मोजत होती. आधी माणसं कमी झाली. ती निवृत्त होत होती तेव्हा त्यांच्या शेजारी नवा माणूस बसवायचं कोणाला सुचलं नाही, कारण देखभालीला आपल्याकडे आणि त्यांच्याकडेही मान नाही. नवं बांधणारा आर्किटेक्ट, जुनं चालू ठेवणारा "सपोर्ट". अप्रेझलमध्ये कोणाला काय मिळतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

पद्मिनी एखाद्या वस्तुसंग्रहालयात काचेआड ठेवता येईल, चकचकीत पॉलिश करून. मिस्त्रीचा कान ठेवता येणार नाही. म्हणून मला त्या "युगाचा अस्त" वाल्या स्टेटसचा राग येतो. त्यात हळहळ आहे, पण ती हळहळ कोणाला शंभर रुपयेही खर्च करायला लावत नाही. तीच माणसं चार वर्षांत फोन बदलतात, मिक्सरचा कपलर गेला की मिक्सर टाकतात, आणि वडील रेडिओ दुरुस्त करायचे म्हणून डोळे पुसतात.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. वयावर दंड नको, कडक तपासणी हवी. इंधन बदला, पण सुट्या भागांची सोय करून. आणि तुम्हाला जुन्या गाड्यांचं खरंच प्रेम असेल, तर फोटो राहू द्या. जवळच्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे काहीतरी दुरुस्तीला न्या, पैशाची घासाघीस करू नका आणि तो काम करत असताना शेजारी उभे राहून बघा.

सभेचं काय झालं? मी एकच सुचवलं : "जुनी" हा शब्द काढा, आणि "सहा महिन्यांत जागची न हललेली किंवा वैध कागदपत्रं नसलेली" असं घाला. सगळ्यांना पटलं. मग वॉचमनने यादी केली. पाच वाहनं निघाली, त्यांतली तीन दहा वर्षांच्या आतली. एक चक्क काकांच्या पुतण्याची एसयूव्ही, लॉकडाऊनपासून कव्हराखाली, चारही टायर बसलेले. :-) काकांनी ठराव वाचला, घसा खाकरला आणि मंजूर केला. माणूस सच्चा आहे.

असो. गेले चार शनिवार मी मिस्त्रीकडे जाऊन पॉइंट लावायला शिकतोय. तिसऱ्या खेपेला गाडी सुरू झाली, पण मिस्त्रीने ऐकून मान हलवली आणि परत खोलायला लावलं. आज पाचवा शनिवार. फडकं, बाटली आणि फीलर गेज गाडीत टाकलंय. निघतो.